जळोची, तांदुळवाडी, रुई

पुणे जिल्ह्यातील बारामती शहराची उत्तरेकडील तीन उपनगरे. पूर्वी या तिन्ही गावांना स्वतंत्र ग्रामपंचायती होत्या. २०११ च्या जनगणनेनंतर झालेल्या हद्दवाढीत ती बारामती नगरपरिषदेत आली. बारामती पुण्याच्या आग्नेयेस सुमारे १०० किमी. अंतरावर आहे. शहरातून कऱ्हा नदी वाहते आणि पुढे सोनगावजवळ नीरेस मिळते.

जुनी बारामती म्हणजे कऱ्हेकाठचा कसबा, बाबूजी नाईकांचा वाडा आणि त्याभोवतीची पेठ. याच नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९–१७९४) येथे राहिले. नगरपालिका १८६५ पासूनची. दौंडहून येणारा रेल्वेफाटा १९१४ मध्ये अरुंदमापी म्हणून सुरू झाला. आता तो रुंदमापी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याने मात्र रेल्वेपेक्षा मोठा फरक घडवला. तालुक्याचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग पडले ते या कालव्यामुळे. पाणी मिळालेल्या दक्षिण भागात ऊस आला, साखर कारखाने आले. उत्तरेकडच्या माळावर बाजरी, ज्वारी आणि मेंढरे राहिली.

शहर वाढू लागले तेव्हा ते उसाच्या रानात शिरले नाही, माळाकडे सरकले. औद्योगिक वसाहतही भिगवण रस्त्याच्या बाजूला झाली. तेथे पियाजियोचा तीनचाकी वाहनांचा कारखाना, भारत फोर्ज, दूधप्रक्रिया आणि वस्त्रोद्योग आहेत. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानची विद्यानगरी याच अंगाला आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०१९ मध्ये एमआयडीसी परिसरातच सुरू झाले. पेन्सिल चौक हे या भागातले सर्वांच्या तोंडी असलेले ठिकाण. रिक्षावाल्याला एवढे सांगितले की पुरते. जळोचीत बाजार समितीचे उपबाजार आवार असून तेथे फळे आणि भाजीपाला उतरतो.

लोकसंख्येच्या बाबतीत बारामतीची आकडेवारी वाचकाला सहज चकवते. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या ५१,३४२ होती, २०११ मध्ये ५४,४१५. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम सहा टक्के वाढ. याच काळात पुणे जिल्हा तीस टक्क्यांनी वाढून ९४,२९,४०८ वर गेला. कारखाने, महाविद्यालये आणि बाजारपेठ असलेले गाव इतके संथ वाढले, हे पटण्यासारखे नाही आणि ते खरेही नाही. माणसे येत होती, पण घरे बांधत होती पालिकेच्या वेशीबाहेर. जळोची, तांदुळवाडी आणि रुईच्या गावठाणांभोवतीच्या शेतांत एन.ए. प्लॉट पडले, चाळी उठल्या, मग सोसायट्या झाल्या. शिरगणतीत ही सारी कुटुंबे शहराच्या आकड्यात आली नाहीत. हद्दवाढ उशिराच झाली, असे म्हणावे लागते.

येथील वस्ती तीन थरांची आहे. पहिला थर मूळ गावकऱ्यांचा. त्यांच्या जमिनी प्लॉटिंगमध्ये गेल्या तरी भावकी, ग्रामदैवत आणि यात्रा कायम आहेत. दुसरा थर तालुक्याच्या जिरायत भागातून आणि इंदापूर, दौंड, फलटणकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या कुटुंबांचा. गावाकडे शेती आणि बारामतीत खोली, अशी दुहेरी बिऱ्हाडे येथे पुष्कळ. तिसरा थर कामगारांचा आणि विद्यार्थ्यांचा. त्यांत मराठवाड्यातले तसेच उत्तर भारतातून आलेले लोक आहेत. हा थर सतत बदलत असतो.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात नागरी वाढीने वेगळे वळण घेतले. इंदापूर शहर २०११ मध्ये २५,५१५ वस्तीचे होते, पण तालुक्यातली बिगरशेती वस्ती त्याच्या भोवती गोळा झाली नाही. वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले, तर उजनी जलाशयामुळे स्थलांतरित झालेले भिगवण पुणे–सोलापूर महामार्गावर वाढले. इंदापूरला त्यामुळे बारामतीसारखी उपनगरे नाहीत. बारामतीच्या दुसऱ्या बाजूचे माळेगाव बुद्रुक मात्र शहरात विलीन झाले नाही. त्याला स्वतंत्र नगरपंचायत मिळाली.

पाटस रस्त्याने उंडवडीहून येणारी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्काम करून काटेवाडीकडे जाते. या रस्त्याच्या रुंदीकरणानंतर त्याच्या कडेच्या जमिनींवरही बांधकामे वाढली आहेत.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली असून वाढीव हद्दीतील बारामतीची पहिली शिरगणती तीच असेल. तोवर ५४,४१५ हा आकडा उद्धृत करणाऱ्याने त्यापुढे ‘हद्दवाढीपूर्वी’ असे अवश्य लिहावे.