सीमाभागातील मनोरुग्ण आणि धारवाडचे सरकारी इस्पितळ

बेळगाव जिल्ह्यातील एखाद्या गरीब मराठी कुटुंबात कोणाला गंभीर मनोविकार जडला आणि जिल्हा इस्पितळातील उपचार अपुरे पडले, की त्या कुटुंबाला धारवाडची वाट धरावी लागते. बेळगावहून हे अंतर ऐंशीएक किलोमीटर आहे, निपाणीहून जवळजवळ दुप्पट. विड्या वळून पोट भरणाऱ्या घरात रुग्णासोबत एकाने जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. कोल्हापूर निपाणीपासून अवघ्या चाळीसएक किलोमीटरवर. पण ते दुसऱ्या राज्यात.

धारवाडचे मनोरुग्णालय १८४५ साली सुरू झाले. तेव्हा धारवाड आणि बेळगाव मुंबई इलाख्यात होते. रत्नागिरीचे मनोरुग्णालयही पुढे १८८६ मध्ये त्याच इलाख्यात उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, धारवाड आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि रत्नागिरी मुंबई राज्यात राहिली. सीमा बदलली तरी सीमाभागातील रुग्णांची बोली मात्र तीच राहिली.

अशा इस्पितळांची मूळ बांधणी उपचारांसाठी नव्हे, तर रुग्णांना कोंडून ठेवण्यासाठी झाली होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातील ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हाही अनेक ठिकाणी तुरुंगवजा रचना कायम असल्याचे दिसले. धारवाडच्या इस्पितळाचे रूपांतर पुढे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘डिमहान्स’मध्ये झाले. हा बदल केवळ पाटीचा नव्हे. जेथे शिक्षण चालते तेथे प्राध्यापक नेमावे लागतात, पदव्युत्तर विद्यार्थी वॉर्डात फिरतात, प्रत्येक रुग्णाची नोंद तपासली जाते. नुसत्या रंगरंगोटीपेक्षा हा मार्ग अधिक टिकाऊ आहे, असे आमचे मत आहे.

कर्मचारीसंख्येचा हिशेब मात्र काटेकोरपणे मांडावा लागतो. १९९० च्या नियमांनी दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि पाच रुग्णांमागे एक परिचर ठरवला होता. साठ खाटांच्या वॉर्डाला याप्रमाणे वीस परिचारिका मिळतात. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वजा जाता प्रत्यक्ष एका वेळी उरतात पाचेक. त्यातील एक पद रिक्त राहिले, की रात्रपाळीतील माणसांवर त्याचा भार पडतो. आणि माणसे अपुरी असली, की दार बंद करून घेण्याकडे कल वाढतो. रुग्णांना मिळणारी वागणूक बरीचशी या एका आकड्यावर ठरते.

यातील विसंगती अशी, की १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने परवान्याची अट खासगी संस्थांना घातली आणि सरकारी इस्पितळांना त्यातून वगळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही सूट काढली. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार सरकारी इस्पितळांनाही नोंदणी करून किमान निकष पाळावे लागतात. रुग्णाला साखळीने बांधणे व एकांत कोठडीत ठेवणे यांस मनाई आहे. सक्तीने मुंडण करता येत नाही, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे आणि करवून घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. घरच्यांनी नाकारले एवढ्याच कारणावरून बऱ्या झालेल्या माणसाला इस्पितळात ठेवता येत नाही. त्याच्या निवाऱ्याची व्यवस्था सरकारने करावयाची आहे. याच कायद्याने लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतके मनुष्यबळ उभे करण्यासाठी सरकारांना दहा वर्षे दिली. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) मध्य प्रदेशात लाखामागे ०.०५ आणि केरळात १.२ मनोविकारतज्ज्ञ आढळले होते, यावरून उरलेले अंतर ध्यानी यावे.

सीमाभागापुरता एक मुद्दा अधिक आहे, तो भाषेचा. हाड मोडले तर क्ष-किरण छायाचित्र बोलते; मनोविकारात निदान रुग्णाच्या बोलण्यावर चालते. संशय, भास, अपराधीपणा हे कानडीतून सांगता न आलेला मराठी माणूस गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणेही कधी लक्षण म्हणून नोंदले जाऊ शकते. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असे कायदाच सांगतो. म्हणून परिचारिका, समाजसेवक व मानसशास्त्रज्ञ नेमताना मराठी जाणणारे काहीजण असणे ही सीमावादातील मागणी नसून उपचाराची गरज आहे. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत कोकणी, मराठी, कानडी, हिंदी बोलणारे रुग्ण येतात. गोव्याला ही अडचण नवखी नाही.

धारवाडवरचा भार हलका करण्याचा मार्गही कर्नाटकातच आखला गेला होता. १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना मनोविकारांवरील उपचारांचे प्रशिक्षण दिले. त्याच प्रयोगावर १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम बेतला गेला. पुढे ‘मनोचैतन्य’ योजनेतून तालुका इस्पितळांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी भरवण्याची व्यवस्था आली. निपाणी, खानापूर, चिकोडी येथे ती ओपीडी प्रत्येक मंगळवारी भरली आणि गोळ्यांचा साठा अखंड राहिला, तर महिन्याच्या औषधासाठी धारवाडची फेरी पडणार नाही. तेथील खाटा मग खरोखर गंभीर रुग्णांना मिळतील.