गतिज ऊर्जेच्या संकल्पनेचा इतिहास

गतिज ऊर्जा म्हणजे पदार्थाच्या अंगी केवळ त्याच्या गतीमुळे असलेली कार्य करण्याची क्षमता होय. पदार्थाचे द्रव्यमान द्र व वेग वे असल्यास ती ½ × द्र × वे² इतकी असते. द्रव्यमान किलोग्रॅममध्ये व वेग दर सेकंदास मीटरमध्ये घेतल्यास उत्तर जूल या एककात मिळते. हे सूत्र आज शालेय पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत सिद्ध करून दाखविले जाते. तथापि त्यातील वेगाचा वर्ग व निम्म्याचा गुणक या दोन्ही गोष्टी निश्चित होण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली. या काळात यूरोपातील बहुतेक सर्व नामवंत गणितज्ञ या वादात कोणत्या ना कोणत्या बाजूस उभे होते. ज्या अडचणींमुळे हा वाद लांबला, त्याच अडचणी गतिज ऊर्जेवरील उदाहरणे सोडविताना विद्यार्थ्यांना आजही येतात. म्हणून या संकल्पनेचा इतिहास केवळ पुराणवस्तू म्हणून पाहण्यासारखा नाही.

वादाचा आरंभ रने देकार्त यांच्यापासून करणे सोयीचे आहे. १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, ईश्वराने विश्व निर्माण करताना त्यात गतीचे जे परिमाण घातले, तेवढेच तो कायम राखतो. पदार्थाचे आकारमान व त्याची गती यांचा गुणाकार म्हणजे हे परिमाण. देकार्त यांच्या गुणाकारात दिशेला स्थान नव्हते. त्यामुळे आजच्या संवेगाशी त्याचे साम्य केवळ वरवरचे आहे. या गृहीताच्या आधारे त्यांनी आघाताचे सात नियम दिले. त्यांपैकी चौथ्या नियमानुसार लहान पदार्थ कितीही वेगाने आला, तरी स्थिर असलेल्या मोठ्या पदार्थाला तो हलवू शकत नाही. हा नियम अनुभवाशी उघडपणे विसंगत होता. देकार्त यांच्या अनुयायांना मात्र त्यामुळे मूळ तत्त्वाचा त्याग करावासा वाटला नाही.

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आघाताच्या नियमांविषयी आपल्या सदस्यांकडून निबंध मागविले. जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन व क्रिस्तीआन हायगेन्झ या तिघांनी उत्तरे पाठविली. हायगेन्झ यांची पद्धत विशेष उद्‌बोधक आहे. संथ वाहणाऱ्या नावेत उभा असलेला मनुष्य दोन गोळ्यांची टक्कर घडवून आणतो व काठावरील दुसरा मनुष्य तीच टक्कर पाहतो, अशी कल्पना त्यांनी केली. दोघांना वेग निरनिराळे दिसतील, परंतु आघाताचे नियम दोघांसाठी तेच असले पाहिजेत. या एका विचारातून त्यांना असे आढळले की, कठीण (आजच्या परिभाषेत पूर्ण स्थितिस्थापक) गोळ्यांच्या टकरीत द्रव्यमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज टकरीपूर्वी व टकरीनंतर सारखीच राहते. मात्र हायगेन्झ यांनी या बेरजेला तात्त्विक महत्त्व दिले नाही. त्यांच्या दृष्टीने तो गणितातून निघालेला एक निष्कर्ष होता.

हे महत्त्व ओळखले ते गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स यांनी. १६८६ मध्ये ‘आक्टा एरुडिटोरूम’ या नियतकालिकात त्यांनी देकार्त यांच्या ‘संस्मरणीय प्रमादा’वर एक छोटा लेख लिहिला. १ पौंड वजनाचा एक पदार्थ ४ एल (कापड मोजण्याचे तत्कालीन माप) उंचीवरून व ४ पौंड वजनाचा दुसरा १ एल उंचीवरून खाली पडतो असे मानू. दोन्ही पदार्थांना मूळ उंचीवर नेण्यास सारखेच श्रम पडतात, हे देकार्त यांच्या अनुयायांनाही मान्य होते. म्हणजे खाली पोहोचताना दोघांच्या अंगची ‘प्रेरणा’ समान असली पाहिजे. परंतु गॅलिलीओ यांच्या नियमानुसार उंची चौपट झाली असता वेग केवळ दुप्पट होतो. त्यामुळे पहिल्याचे गतिपरिमाण १ × २ = २, तर दुसऱ्याचे ४ × १ = ४ येते. समान असावयास हव्या त्या राशी असमान निघतात. याउलट वेगाचा वर्ग घेतल्यास दोन्हीकडे ४ हेच उत्तर मिळते. द्रव्यमान व वेगवर्ग यांच्या गुणाकाराला लायप्निट्स यांनी १६९५ मध्ये ‘व्हिस व्हिव्हा’ म्हणजे ‘जिवंत प्रेरणा’ असे नाव दिले. टेबलावर नुसत्या ठेवलेल्या वजनाचा दाब ही त्यांच्या लेखी ‘मृत प्रेरणा’ होती.

देकार्त यांच्या बाजूने लगेच उत्तरे आली. आबे कातलां यांचा आक्षेप असा की, दोन्ही पदार्थांना पडण्यास लागणारा वेळ सारखा नसल्याने ही तुलनाच अयोग्य आहे. हा आक्षेप चुकीचा असला, तरी निरर्थक नव्हता. किंबहुना वादाचे मर्म त्यातच होते. समान प्रेरणा समान काळ लावली तर समान संवेग निर्माण होतो, व समान प्रेरणा समान अंतरापर्यंत लावली तर समान गतिज ऊर्जा निर्माण होते. उदा., स्थिर असलेल्या पदार्थाचा वेग एका सेकंदात दर सेकंदास १० मीटर होतो व तीच प्रेरणा चालू राहिल्यास पुढील सेकंदात तो २० मीटर होतो. दोन्ही सेकंदांत संवेगाची वाढ तेवढीच आहे. परंतु पहिल्या सेकंदात पदार्थाचा सरासरी वेग ५ मीटर असल्याने तो ५ मीटरच जातो, तर दुसऱ्या सेकंदात १५ मीटर जातो. दुसऱ्या खेपेस प्रेरणेला तिप्पट अंतर कार्य करावे लागते व म्हणून गतिज ऊर्जेची वाढही तिप्पट होते. वेगाचा वर्ग कोठून येतो, या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर हेच आहे.

न्यूटन यांच्या अनुयायांचा विरोध निराळ्या कारणाने होता. मऊ पदार्थांच्या टकरीत गती नष्ट होते हे उघड दिसत होते. विश्वातील गती याप्रमाणे सतत घटत असून क्रियाशील तत्त्वांकडून ती पुन्हा भरून निघणे आवश्यक आहे, असे न्यूटन यांचे मत होते. लायप्निट्स यांना असे विश्व म्हणजे वारंवार किल्ली द्यावी लागणाऱ्या घड्याळासारखे वाटे. टकरीत हरविलेली जिवंत प्रेरणा पदार्थाच्या सूक्ष्म कणांमध्ये वाटली जाते, असे त्यांनी सुचविले. १७१५-१६ मध्ये लायप्निट्स व सॅम्युएल क्लार्क यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यात भौतिकी व ईश्वरशास्त्र यांची अशी सरमिसळ झालेली आहे. पुढे १७२८ मध्ये क्लार्क यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना, जिवंत प्रेरणेचे पुरस्कर्ते न्यूटन यांच्या कीर्तीला बाधा आणू पाहतात, असाही आरोप केला. कलनशास्त्राच्या शोधाविषयीच्या भांडणाची कटुता या वादात उतरली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा तिखटपणा समजत नाही.

या पार्श्वभूमीवर लायडन येथील प्राध्यापक व्हिलेम खाव्हेसांडे यांचे वर्तन उठून दिसते. ते न्यूटन यांच्या भौतिकीचे यूरोप खंडातील प्रमुख भाष्यकार होते व आरंभी त्यांचा कल संवेगाच्या बाजूस होता. १७२२ मध्ये त्यांनी एकाच आकाराचे, पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे मऊ चिकणमातीवर टाकून पडणारे खळगे मोजले. वजनांच्या व्यस्त प्रमाणात उंची ठेवली असता खळगे सारखेच पडतात, असे त्यांना आढळले. दुप्पट वेगाने पडणारा गोळा चौपट माती बाजूस सारतो, असा त्याचा अर्थ होतो. आपले पूर्वीचे मत चुकीचे होते, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. इटलीत जोव्हान्नी पोलेनी यांनी चरबीवर केलेल्या प्रयोगांचा निष्कर्षही असाच होता.

फ्रान्समध्ये जिवंत प्रेरणेची बाजू समर्थपणे मांडण्याचे श्रेय एमिली द्यू शातले (१७०६–४९) यांच्याकडे जाते. १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भौतिकीच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात त्यांनी या प्रश्नाची चर्चा केली. त्यासाठी त्यांनी याकोप हेर्मान यांचे एक उदाहरण घेतले. द्रव्यमान १ व वेग २ असलेला स्थितिस्थापक गोळा, ३ द्रव्यमानाच्या स्थिर गोळ्यावर आदळतो. मोठा गोळा वेग १ ने पुढे जातो व लहान गोळा वेग १ ने मागे उसळतो. मागे येणारा गोळा आपल्याइतक्याच द्रव्यमानाच्या दुसऱ्या स्थिर गोळ्यावर आदळून त्याला सर्व वेग देतो व स्वतः थांबतो. अखेरीस एकूण ४ द्रव्यमान वेग १ ने गतिमान झालेले असते. जिवंत प्रेरणा आरंभी ४ होती व शेवटीही ४ आहे. देकार्त यांचे गतिपरिमाण मात्र २ चे ४ झालेले दिसते. दिशा लक्षात घेऊन उलट जाणारी गती ऋण मानल्यास संवेग ३ वजा १, म्हणजे २, हाही कायम राहतो. एकाच टकरीत दोन्ही राशी अक्षय्य राहतात व एक दुसरीची जागा घेत नाही, ही गोष्ट या उदाहरणात स्वच्छ दिसते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव दोर्तू द मेराँ यांच्या मतांवर त्यांनी या ग्रंथात टीका केली होती. मेराँ यांनी १७४१ मध्ये जाहीर पत्राने उत्तर दिले व द्यू शातले यांनी तितक्याच जाहीरपणे त्याचे प्रत्युत्तर छापले. त्यांचे स्नेही व्हॉल्तेअर या वादात विरुद्ध पक्षाचे होते. अकादमीचे सदस्यत्व स्त्रियांना खुले नव्हते. तरीही अकादमीच्या सचिवास एका स्त्रीला मुद्देसूद उत्तर द्यावे लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद त्यांनी मृत्यूपूर्वी पूर्ण केला. तो १७५९ मध्ये संपूर्णपणे प्रसिद्ध झाला.

झां दालांबेअर यांनी १७४३ च्या गतिकीवरील ग्रंथात हा सर्व वाद शाब्दिक असल्याचा निर्वाळा दिला व इतिहासकारांनी तो बराच काळ प्रमाण मानला. परंतु हा निर्वाळा अर्धवटच म्हटला पाहिजे. गणितापुरते दोन्ही पक्ष बरोबर होते हे खरे. तथापि मऊ पदार्थांच्या टकरीत जिवंत प्रेरणेचे काय होते, हा प्रश्न शाब्दिक नव्हता व दालांबेअर यांच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

उत्तराच्या दिशेने पुढील पावले तत्त्वज्ञांपेक्षा अभियंत्यांनी टाकली. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वरून पाणी पडून फिरणारे पाणचक्र खालून वाहत्या पाण्याने फिरणाऱ्या चक्राच्या जवळजवळ दुप्पट कार्यक्षम असल्याचे दाखविले. पाणी पात्यांवर आदळताना व भोवरे होताना काही तरी वाया जाते, हे चक्की चालविणाऱ्याला पैशांत मोजता येत होते. टॉमस यंग यांनी १८०७ च्या व्याख्यानसंग्रहात द्रव्यमान व वेगवर्ग यांच्या गुणाकाराला ‘एनर्जी’ हा शब्द योजिला. यंत्रांच्या हिशोबात प्रेरणा व अंतर यांच्या गुणाकाराला मध्यवर्ती स्थान देऊन त्याला ‘कार्य’ हे नाव ग्यूस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८२९ मध्ये दिले. हे कार्य व जिवंत प्रेरणा यांत प्रत्येक वेळी २ चा भाग येतो असे पाहून त्यांनी जिवंत प्रेरणेची व्याख्याच ½ × द्र × वे² अशी बदलली. हरविलेल्या गतीचा शोध मात्र जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या प्रयोगांनी लागला. १८४० नंतरच्या दशकात, उतरत्या वजनांनी पाण्यात पाती फिरवून त्यांनी उष्णता मोजली व ती खर्च झालेल्या कार्याच्या ठराविक प्रमाणात असते असे दाखविले. १८४७ मध्ये हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी अक्षय्यतेच्या तत्त्वाची सर्वव्यापी मांडणी केली. ‘गतिज ऊर्जा’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) व पीटर टेट यांनी १८६२ मधील एका लोकप्रिय लेखात वापरली व १८६७ मधील त्यांच्या ग्रंथामुळे ती रूढ झाली.

गतिज ऊर्जेवरील उदाहरणांत होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे अक्षय्यतेचा चुकीचा नियम चुकीच्या जागी वापरणे. बेंजामिन रॉबिन्झ यांनी १७४२ मध्ये गोळीचा वेग मोजण्यासाठी वर्णिलेला प्राक्षेपिकीय लंबक हा याचा उत्तम नमुना आहे. टांगलेल्या ५ किग्रॅ. वजनाच्या ठोकळ्यात १० ग्रॅमची गोळी दर सेकंदास ४०० मी. वेगाने घुसून अडकते, असे मानू. गोळीची गतिज ऊर्जा ८०० जूल आहे. ही सर्व ऊर्जा ठोकळ्याला मिळाली असे धरल्यास तो १६ मी. पेक्षा अधिक वर जाईल, असे हास्यास्पद उत्तर येते. वस्तुतः गोळी अडकताना संवेगच तेवढा कायम राहतो. तो ४ एकके असल्याने ठोकळ्याचा वेग दर सेकंदास सुमारे ०·८ मी. व दोघांची मिळून गतिज ऊर्जा केवळ १·६ जूल इतकीच येते. उरलेली जवळजवळ सर्व ऊर्जा लाकूड फाडण्यात व तापविण्यात खर्च होते. यानंतर ठोकळा वर चढताना ऊर्जेची अक्षय्यता वापरता येते व उंची सुमारे ३·२५ सेंमी. मिळते. म्हणजे उदाहरणाचे दोन टप्पे करून प्रत्येक टप्प्यात काय कायम राहते हे आधी ठरवावे लागते. आकडे त्यानंतर घालावयाचे.

दुसरा प्रकार थांबण्याच्या अंतराचा. ताशी ३६ किमी. वेगाची मोटार ब्रेक पूर्ण दाबल्यावर, घर्षण गुणांक ०·७ असल्यास, सुमारे ७·३ मी. अंतरात थांबते. ताशी ७२ किमी. वेगास हेच अंतर २९·२ मी. होते. मोटारीचे द्रव्यमान दोन्ही बाजूंनी रद्द होत असल्याने उत्तरात ते येत नाही. चालकाला ब्रेक दाबण्यास लागणाऱ्या वेळेत कापलेले अंतर यात आणखी मिळवावे लागते. याहून बोलके गणित असे की, सावकाश जाणारी मोटार जेथे पूर्ण थांबते, तेथून जाताना वेगवान मोटारीचा वेग अजून ताशी सुमारे ६२ किमी. असतो. वेगाचे वर्ग ४०० व १०० असल्याने ब्रेकने त्यातून १०० च कमी केलेले असतात व ३०० उरतात. दुप्पट वेगाची मोटार त्या ठिकाणी निम्म्या वेगावर आली असेल, ही समजूत येथे खोटी ठरते.

½ × द्र × वे² हे सूत्रही अंतिम नव्हे. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधील विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार ते प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेने लहान वेगांसाठीच पुरेसे आहे. प्रकाशवेगाच्या एकदशांश वेगाला त्यात सुमारे पाऊण टक्का तूट येते. वेग प्रकाशवेगाच्या जवळ जाऊ लागला म्हणजे गतिज ऊर्जा अमर्याद वाढत जाते व द्रव्यमान असलेल्या पदार्थाला तो वेग गाठता येत नाही.