सड्याच्या पोटात

रत्नागिरीच्या सड्याला मी कार्स्ट म्हटलं, तर भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी लगेच हरकत घेईल, आणि ती रास्तच असेल. कार्स्ट हा चुनखडीचा प्रदेश. पावसाचं पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवतं. भेगा रुंदावतात, विवरं आणि गुहा तयार होतात, वाहती नदी जमिनीत गडप होते. रत्नागिरीत चुनखडीचे डोंगर नाहीत. इथे खाली काळा बेसॉल्ट आणि वर जांभा. तरीही या जिल्ह्याचा भूगोल आणि इतिहास एकत्र वाचायला कार्स्टइतकी उपयोगी कल्पना मला दुसरी सापडलेली नाही.

कार्स्ट हे मुळात एका गरीब मुलखाचं नाव. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर, त्रिएस्त बंदराच्या मागे, क्रास नावाचं खडकाळ पठार आहे. वर पाणी नाही, माती जेमतेम. पण याच पठाराच्या कडेला श्कोत्सियानच्या गुहेत रेका नदी शिरते आणि जमिनीखालून सुमारे चाळीस किलोमीटर जाऊन समुद्राजवळ तिमावो या नावाने पुन्हा वर येते. वरून ओसाड दिसणाऱ्या जमिनीच्या आत काय चाललं आहे, हा प्रश्न तिथे विचारला गेला आणि त्या पठाराचं नाव एका अख्ख्या शास्त्रशाखेला मिळालं. १९८६मध्ये श्कोत्सियानच्या गुहा जागतिक वारसा ठरल्या.

आपल्या सड्याकडे वळू. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने दिलं. मलबारमध्ये अंगाडिपुरमला लोक हा दगड विटांसारखा कापून घरं बांधताना त्याने पाहिले आणि विटेसाठीचा लॅटिन शब्द उचलला. त्याचं प्रवासवर्णन १८०७मध्ये छापलं गेलं. जमिनीतून काढताना जांभा मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. हे कोकणातल्या चिरेखाणीवरच्या गड्याला बुकॅननच्या आधीपासून ठाऊक होतं.

उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षं पावसाने बेसॉल्ट धुतला. त्यातली सिलिका निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. म्हणजे चुनखडीत जे काम वेगाने होतं, तेच इथे फार सावकाश झालं आहे. जांभ्याचा वरचा थर टणक, पण आत नळ्या आणि पोकळ्या. त्याच्या खाली पांढरी-पिवळी, कुठे जांभळट चिकणमाती, कोकणात जिला शेडी म्हणतात. भेगांतून उतरलेलं पाणी शेडीवर येऊन अडतं, तिच्यावरून आडवं सरकतं आणि जिथे सड्याची कड तुटते तिथे झरा होऊन बाहेर पडतं. वाटेत मऊ माती वाहून गेली की वरच्या टणक छताखाली पोकळी उरते आणि कधी छतही खचतं. अशा भूरूपांना अभ्यासक आभासी कार्स्ट म्हणतात. हीच शेडी भिजली की लोण्यासारखी घसरते. कोकण रेल्वेच्या खोदाईंना तिने पुष्कळ त्रास दिला आहे.

एवढं लक्षात आलं की गावांची मांडणी उलगडते. जुनी वाडी सड्यावर सहसा नसते. ती उतारावर किंवा पायथ्याशी असते, जिथे झरा फुटतो. झऱ्याशी देऊळ, देवळाभोवती राई, खाली पोफळीचं आगर, त्याखाली भाताचे मळे, आणि वाडीतून सड्यावर चढणारी चिऱ्यांची पाखाडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत इथे टँकर का लागतो, याचंही उत्तर यातच आहे. बहुतेक पाणी पऱ्यांतून समुद्राला जातं. जे थोडं सड्याच्या पोटात उतरतं, त्याच्यावर गावाचा उन्हाळा निघतो.

राजापूरजवळ उन्हाळ्याची गंगा याच मुलखातली. चौदा कुंडं, एरवी कोरडी. साधारण तीन वर्षांनी पाणी येतं, दोन-तीन महिने राहतं आणि जातं, अशी तिची ख्याती. अलीकडे हे वेळापत्रक बरंच विस्कटलं आहे. भूगर्भातल्या पोकळ्या आणि वक्रनलिकेचं तत्त्व असं तिचं स्पष्टीकरण दिलं जातं. असे येऊन-जाऊन वाहणारे झरे जगात मुख्यतः कार्स्ट प्रदेशांत प्रसिद्ध आहेत.

सड्यावर माणूस राहत नसला, तरी सडा रिकामा नव्हता. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गावोगाव सडे पालथे घातले आणि कातळशिल्पांचा खजिना उजेडात आणला. आज रत्नागिरी आणि आसपासच्या भागांत अशी हजाराहून अधिक शिल्पं नोंदली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगावर आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधोमध माणूस उभा आहे. कुठे मासे आहेत, कुठे आज कोकणात नसलेला गेंडा. शेतीची चित्रं मात्र जवळपास नाहीत, म्हणून अनेक अभ्यासक हे काम शिकारीवर जगणाऱ्या लोकांचं मानतात. २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं आली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी.

मग हा सडा आपल्या नजरेत ओसाड कसा झाला? मला वाटतं, याचं उत्तर सातबाऱ्यावर आहे. इंग्रजी अमलातल्या जमीन मोजणीला एकच प्रश्न पडत होता: या जमिनीतून सारा किती येईल? जिथे नांगर चालत नाही तो भाग ‘पोटखराब’ ठरला. हिशेबापुरता तो शब्द ठीक होता. पण पुढे खोती गेली, राज्य बदललं, तरी शब्द राहिला आणि हिशेबातली नोंद जमिनीचा स्वभाव समजली जाऊ लागली. त्या नोंदीत पावसाळ्यात कातळावर उमलणारी सीतेची आसवं नाहीत, दीपकाडी नाही, गुरांचं गवत नाही, आणि खालच्या वाडीचा झराही नाही.

त्यामुळे सडा फोडताना कुणाला काही गमावल्यासारखं वाटत नाही. १९९०च्या फळबाग योजनेनंतर कातळात सुरुंग लावून हापूसची कलमं उभी राहिली. घरोघर चिरा लागतो, त्यामुळे यंत्रं लावलेल्या खाणी वाढल्या. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९मध्ये रद्द झाली, पुढे बारसूचं नाव आलं, आणि एप्रिल २०२३मध्ये तिथे माती परीक्षण सुरू होताच गावकरी कातळावर येऊन बसले. रोजगार हवा की नको, हा वाद खरा आहे आणि तो मुंबईच्या गाडीत बसलेल्या प्रत्येक चाकरमान्याच्या घरचा आहे. पण त्या वादात एक वाक्य दोन्हीकडून ऐकू आलं: ‘तिथे कातळच तर आहे.’ माझा आक्षेप त्या ‘च’ला आहे.

कार्स्ट प्रदेशांत पाण्याचा माग काढायची साधी रीत आहे. वर विवरात निरुपद्रवी रंग सोडतात आणि खाली कोणत्या झऱ्यात तो उतरतो ते पाहतात. सड्याला सुरुंग लावण्याआधी, खाणीचा परवाना देण्याआधी, एवढं तरी करता येईल. कोणत्या भेगेतलं पाणी कोणत्या वाडीच्या विहिरीत जातं याचा नकाशा ग्रामपंचायतीकडे असावा. वाडीतली म्हातारी माणसं त्यातलं बरंचसं आजही तोंडी सांगू शकतात. तो नकाशा सातबाऱ्याला जोडला, तर पोटखराब या शब्दातलं पोट कशाने भरलेलं आहे, हे सरकारी कागदावरही दिसेल.