काठी लांब का होती? गळाच्या काठीचा इतिहास 🧵

1/ गळाने मासे धरण्याच्या इतिहासात एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो : काठीची लांबी कशावरून ठरत असे? उत्तर शोधताना चालुक्यांचा दरबार, चीनमधले एक चित्र आणि भिवंडीची खाडी, तिन्हींकडे पाहावे लागते.

2/ भारतातील हौशी मासेमारीची कथा बहुधा साहेबापासून सुरू होते. मद्रास प्रांतातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली प्रसिद्ध झाले. मात्र त्याच्या सुमारे साडेसातशे वर्षे आधी, शके 1051 मध्ये (इ.स. 1129), चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध झाला होता.

3/ चालुक्यांची ही राजधानी कल्याणी म्हणजे भिवंडीशेजारचे कल्याण नव्हे; ती आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. भिवंडीचा परिसर तेव्हा उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे होता. जवळच्या लोनाडचे प्राचीन शिवमंदिर त्याच राजवटीची खूण आहे.

4/ मराठी अभ्यासकांना ‘मानसोल्लास’ ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. समुद्रातले व नदीतले मासे, त्यांना घालायचा चारा, गळाचा दोर, काठी आणि आमिष यांचा विचार त्यात आढळतो. मासा गळाला लावणे ही त्या काळीही शास्त्र म्हणून मांडण्याजोगी विद्या होती.

5/ आता लांबीचा प्रश्न. दोर काठीच्या टोकाला पक्का बांधलेला असेल, तर पळणाऱ्या माशाला जादा दोर सोडता येत नाही. त्याचा हिसका काठीच्या लवचिकतेनेच झेलावा लागतो. लांब काठी अधिक वाकते आणि दोर वाचवते. शिवाय गळ दूरच्या पाण्यापर्यंत पोहोचतो.

6/ या लाभाची किंमत मनगट मोजते. काठी ही तरफ आहे, आणि या तरफेत फायदा माशाचा होतो. काठी 3 मीटरची, दोन्ही हातांत अंतर 30 सेंटिमीटर आणि टोकाशी काटकोनात 1 किलोचा ताण असेल, तर पुढच्या हातावर सुमारे 10 किलोचा भार येतो. काठी 2 मीटरची असल्यास तो 7 किलोच्या आत राहतो. काठी वाकली की टोक हाताजवळ येते आणि हा भार काहीसा हलका होतो.

7/ मासा दमला तरी काम संपत नाही. दोर काठीहून फार लांब असेल, तर काठी उभी धरूनही मासा हाताशी येत नाही. म्हणूनच रीळ नसलेल्या काठीत दोर साधारण काठीएवढा राखणे सोयीचे ठरते. आयझाक वॉल्टनच्या 1653 च्या पुस्तकातला मासेमार तर फार मोठा मासा लागला की काठीच पाण्यात सोडून देतो. ती ओढता ओढता मासा दमतो.

8/ ही कोंडी रिळाने फोडली. चिनी चित्रकार मा युआन याच्या इ.स. 1195 च्या सुमाराच्या चित्रात नावेतल्या एकाकी माणसाच्या काठीवर रीळ दिसते. इंग्लंडमध्ये त्याचा छापील उल्लेख 1651 साली टॉमस बार्करच्या पुस्तकात येतो. दोर कांडीवरच्या सुतासारखा गुंडाळता-सोडता येऊ लागला आणि हिसका झेलण्याचे ओझे एकट्या काठीवर राहिले नाही. आखूड काठीनेही मोठा मासा खेळवणे शक्य झाले.

9/ म्हणून जुनी लांब काठी पाहून ‘मागासलेले साधन’ असा शेरा मारणे चूक आहे. रिळाचे काम ती स्वतःच करत होती. खाडीकाठी तिचा आणखी एक उपयोग असतो : ओहोटीच्या वेळी चिखलात न उतरता गळ पाण्यात टाकता येतो. याउलट होडीत बसलेल्याला पाणी हाताशीच असते. तो काठीशिवाय नुसत्या दोराने गरवतो आणि माशाची ओढ थेट बोटांवर ओळखतो.

10/ राजाचा विनोद ग्रंथात टिकला. कामवारीकाठच्या आणि खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांची विद्या हातातून हातात गेली. त्यांच्या बांबूच्या काठ्या कुजून गेल्या. एखाद्या घराच्या आढ्याला अशी काठी अजून अडकवलेली असेल, तर तीन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात : तिची लांबी, दोर बांधण्याची जागा आणि ती कोणत्या पाण्यावर वापरली जाई. एवढ्यावरून मासा कसा खेळवला व काठावर घेतला जाई, याचा बराचसा उलगडा होतो.