धूरमुक्त शेगडी : बंगळुरूचा अनुभव

बंगळुरूतील चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये वसवण्यात आली, त्या काळी शहरातील स्वयंपाक प्रामुख्याने सरपणावर होत असे. आज शहरांत गॅस रूढ झाला आहे. मात्र स्वस्त आणि स्वच्छ पर्यायाचे महत्त्वाचे संशोधन याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत झाले.

संस्थेच्या ‘अस्त्र’ केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. या केंद्राने विकसित केलेल्या ‘अस्त्र ओले’ चुलीत एकाच जाळावर तीन भांडी तापतात आणि धूर धुराड्यावाटे बाहेर जातो. ‘ओले’ म्हणजे कन्नडमध्ये चूल.

संस्थेच्याच संशोधनावर आधारित ‘ऊर्जा’ शेगडी बीपी कंपनीने २००६ मध्ये बाजारात आणली. तीत शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या कांड्या जळतात. छोटा पंखा हवा पुरवत असल्याने धूर अत्यल्प होतो. महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडूत तिला मोठा प्रतिसाद मिळाला. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्यातील फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. पुढे कांड्यांचे दर वाढले आणि अनेक कुटुंबांनी ही शेगडी वापरणे सोडले.

शेगडीच्या कार्यक्षमतेइतकाच परवडणाऱ्या इंधनाचा नियमित पुरवठाही निर्णायक ठरतो, हे यातून स्पष्ट झाले.