गोळी, नळी आणि माप

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात डोणगाव हे गाव आहे. सिंदखेडराजा, म्हणजे जिजाबाईंचे माहेर, तेथून फार दूर नाही. मोगल, निजाम, पेशवे, शिंदे आणि भोसले या सर्वांच्या फौजांनी हा मुलूख तुडविला आहे. अशा गावी एखाद्या जुन्या वाड्याची अडगळ उपसताना सांडशीसारखे एक लोखंडी हत्यार हाती लागले, आणि त्याच्या तोंडाशी समोरासमोर दोन अर्धगोल खळगे दिसले, तर आजची मुले त्यास काही निराळाच अडकित्ता समजतील. वस्तुतः तो बंदुकीची गोळी ओतण्याचा साचा होय. शिसे चुलीवर वितळवावे, साचा मिटून त्यात ओतावे, निवल्यावर उघडावा आणि गोळीचे शेपूट कापून टाकावे, एवढेच ते काम. बंदूक बाळगणाऱ्या घरास ते स्वयंपाकाइतकेच परिचयाचे होते.

परंतु या साध्या हत्यारात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तो साचा केवळ त्याच घरच्या बंदुकीचा असे. कारागिराने नळी घडविली की तिच्या पोकळीस जुळेल असाच साचा तो करून देई. शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत बसेल याचा भरवसा नसे. गोळी लहान झाली तर दारूचा वायू तिच्या बाजूने निसटून तिचा जोर जाई. मोठी झाली तर ती गजाने ठासता ठासता अर्ध्या वाटेवर अडकून बसे. बंदूक आणि साचा यांचे नाते कुलूप आणि किल्ली यांचे होते. एक हरवले की दुसरे निकामी.

एका घरापुरते हे चालून जाई. राज्याचे मात्र यावर भागत नाही. मराठ्यांच्या किल्ल्यांवरील तोफा काही येथे ओतलेल्या, काही पोर्तुगीज, इंग्रज आणि फ्रेंच यांजकडून विकत घेतलेल्या, तर काही लुटीत आलेल्या. जितक्या ठिकाणच्या तोफा, तितकी तोंडाची मापे, आणि तितक्याच जातींचे गोळे. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत आंबेगाव येथे गोळे ओतण्याचा कारखाना चालला, यावरून पेशव्यांस ही उणीव उमगली नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु गोळा ओतणे निराळे आणि सर्व तोफांस एक माप लावणे निराळे.

ते दुसरे काम महादजी शिंद्यांनी हाती घेतले. द बॉयन याच्या देखरेखीखाली आग्र्यास तोफा आणि बंदुका तयार होऊ लागल्या, व सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने तेथे ओतलेल्या तोफांची वाखाणणी शत्रूंनीही केली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळच, या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची भयंकर हानी केली. तरीही लढाई इंग्रजांनी जिंकली आणि ९८ तोफा त्यांच्या हाती पडल्या. पराजयाचे कारण तोफांत नव्हते. परंतु ऑक्टोबरात लेकने आग्रा घेतले, २९ नोव्हेंबरास वऱ्हाडातच अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि मोठ्या प्रयासाने बसविलेली ती घडी तीन महिन्यांत विस्कटली. माप एका कारखान्यात आणि चार परकी उस्तादांच्या डोक्यात होते. ते देशाच्या अंगवळणी पडलेले नव्हते.

इंग्रजांकडेही माप आरंभी ओबडधोबडच होते. 'बाराबोर' हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. त्याचा अर्थ एवढाच की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बंदूक. त्यांच्या शिपायांच्या जुन्या बंदुकीत तर गोळी नळीहून मुद्दामच लहान ठेवीत, म्हणजे ती भरभर ठासता येई. नेम गेला तरी चालेल, वेळ जाऊ नये असा तो हिशेब होता. पुढे नळीत आटे पाडलेली १८५३ सालची एन्फील्ड बंदूक आली. तिच्या नळीचे माप ०.५७७ इंच होते. त्या अंगाबरोबर नळीतून गोळी सुलभपणे उतरावी म्हणून तिच्या कागदी वेष्टणास वंगण लावावे लागे. त्या वंगणावरून १८५७ साली काय घडले हे सांगावयास नको. परंतु मुळात ते वंगण गोळी आणि नळी यांच्या मापाच्या प्रश्नातूनच उद्भवले होते, इकडे सहसा लक्ष जात नाही.

यानंतर पितळी काडतूस आले आणि माप घरातून उठून कायमचे कारखान्यात गेले. १८६९ साली पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तेथील काडतुसांच्या बुडावर 'के.एफ.' ही अक्षरे उमटू लागली. आता कोणत्याही शिपायाचे काडतूस कोणत्याही शिपायाच्या बंदुकीत बसले पाहिजे, हा नियम झाला.

तथापि पितळ हा धातू स्वभावाने लवचीक आहे. बार उडताच काडतुसाचे नळकांडे फुगते, बंदुकीच्या घरास आतून घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. मग ते थोडेसे आकसते. परंतु पूर्वीच्या मापावर येत नाही. ज्या बंदुकीत ते उडाले तिचाच ठसा ते अंगावर घेऊन बाहेर पडते. हे नळकांडे पुन्हा भरावयाचे तर त्यास आधी मापावर आणले पाहिजे, आणि त्यासाठी जो पोलादी साचा वापरतात त्यास कारखान्यात 'डाय' म्हणतात. अमेरिकेत शिकारी लोक हे काम घरीच करीत आले आहेत. बार्लो याच्या 'आयडियल' कंपनीने १८८४ पासून त्याची हत्यारे विकली. १९४३ साली, युद्धामुळे गोळ्यांचा तुटवडा पडला असता, कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन याने गोळ्या बनविण्याचा साचा केला, आणि त्यातून पुढे 'आरसीबीएस' हा प्रसिद्ध धंदा उभा राहिला. १९५८ साली रिचर्ड ली याने हातोडीने ठोकून चालविता येईल असा लहानसा संच काढला.

या साच्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला नळकांड्याचे सर्व अंग, खांदा आणि मान दाबून त्यास मूळ मापावर आणतो. असे काडतूस त्या जातीच्या कोणत्याही बंदुकीत बसते. परंतु या साच्यास वंगण लागते, आणि वारंवार दाबल्याने पितळ थकते, लांब होते व शेवटी बुडाजवळ तुटते. दुसरा केवळ मान आवळतो. लीचा संच या जातीचा. त्यात पितळाचे आयुष्य वाढते आणि काडतूस आपल्या बंदुकीच्या घराशी नेमके जुळून राहते; मात्र ते दुसऱ्या बंदुकीत बसेलच असे नाही, आणि काही बारांनंतर स्वतःच्या बंदुकीतही अडू लागते. आपल्या पोलिसांनी दीर्घकाळ वापरलेली थ्री-नॉट-थ्री घ्या. रणांगणावरील चिखलमातीतही ती चालावी म्हणून तिचे घर ऐसपैस ठेवलेले असे. त्यामुळे पितळ फार फुगते, आणि दर वेळी सर्व अंग दाबले तर लवकर तुटते. म्हणून तिचे शौकीन बहुधा मानेचाच साचा पसंत करतात.

विचार केला असता ही निवड नवी नाही. मानेचा साचा म्हणजे डोणगावच्या वाड्यातील ती सांडशी: माझी बंदूक, माझे माप. सर्वांगाचा साचा म्हणजे आग्रा आणि खडकी: सर्वांच्या बंदुका, सर्वांचे माप. पहिल्यात अचूकपणा आहे, आपलेपणा आहे. दुसऱ्यात एकाचे सामान संकटसमयी दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची सोय आहे. नेमबाजाने पहिले निवडले तर त्यात वावगे काही नाही. परंतु फौजेने, किंवा राष्ट्राने, दुसरे सोडले तर ज्याच्या त्याच्या पेटीतील उत्तम गोळ्या ज्याच्या त्याच्या पेटीतच राहतात.

आपल्याकडे हा प्रश्न घरापुरता आता कायद्याने मिटविला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काडतुसाचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रे यांचाही दारूगोळ्यातच समावेश होतो, आणि परवान्यावाचून तो बनविता येत नाही. १९६४ साली भुसावळजवळ वरणगावास नवा कारखाना निघाला. २०२१ पासून तो आणि खडकीचा कारखाना ज्या सरकारी कंपनीखाली आहेत, तिची कचेरी पुण्यास आहे. शिंद्यांना आग्र्यास परक्या हातांनी जे बसवावे लागले, ते आज येथल्याच कामगारांच्या हाती आहे. घरगुती विद्या गेली याची हळहळ वाटणे साहजिक आहे. पण त्या विद्येच्या जोरावर आपण १८०३ साल टाळू शकलो नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणून वाड्यातील ती सांडशी मोडीत घालू नये. तिच्या दोन खळग्यांत बोट फिरवून पाहावे. एका घराला पुरेल एवढे माप त्यात नेमके होते. शेजारच्या घराला मात्र ते कधीच पुरले नाही.