प्याद्याचा हुद्दा

संगणकावर व फोनवर खेळल्या जाणाऱ्या अद्भुत-कथांच्या खेळांत खेळाडूला आरंभीच विचारले जाते, तू कोण होणार? योद्धा, मांत्रिक, वैद्य, की चोर? एकदा उत्तर दिले की त्याचे बळ, त्याचे उणेपण आणि त्याची हत्यारे ठरून जातात. बिंदुसरेच्या काठच्या आमच्या पालीतील पोरेही हे उत्तर आता चटकन देतात. आम्ही शिकलो ते कामगारांच्या बैठकांत आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांत. त्यामुळे 'तू कोण?' असे कोणी विचारले की आम्हांस प्रथम मजुरीचे दरपत्रक आठवते. पण ह्या खेळांचा इतिहास शोधू लागलो तेव्हा दिसले की हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे एक मूळ आपल्याच घरच्या पटावर आहे.

सैन्याची चार अंगे हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही. महाभारतातील अक्षौहिणीचे माप प्रसिद्धच आहे: २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. म्हणजे एका रथामागे पाच माणसे पायी चालणार. हेच चतुरंग पुढे पटावर आले. सातव्या शतकात बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त त्याचा उल्लेख येतो. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' हा राजनीतीवरचा ग्रंथ लिहिला, त्यातही बुद्धिबळाला जागा दिली. राजनीतीच्या पोथीत खेळ आला ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. कोणाला किती घरे चालू द्यायची, हीच तर राजनीती!

मराठी पटावरची नावे पाहिली तरी इतिहासाचे थर दिसतात. संस्कृतातला मंत्री आमच्याकडे फारशी वाटेने वजीर झाला. रथ गेला, उंट आला. आणि पदातीला प्यादे हे नाव मिळाले, तेही फारशीच. युरोपात हाच वजीर राणी झाला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजचे अफाट बळ मिळाले. प्याद्याचे मात्र सर्वत्र सारखेच. पुढे जाता येते, मागे येता येत नाही.

परंतु आपल्या जुन्या देशी खेळात प्याद्यासंबंधी एक नियम होता, तो आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याला खेळणारा हवा तो हुद्दा देतो, आणि बहुधा वजिरीच देतो. देशी रीतीत ते ज्या घरी पोचले त्या घरच्या मोहऱ्याचा हुद्दा त्याला मिळे. हत्तीच्या घरी पोचले तर हत्ती, घोड्याच्या घरी पोचले तर घोडा. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार वर्षानुवर्षे दारात उभा राही आणि ज्या खात्यात जागा रिकामी होई तेथे चिकटे. त्याला साच्यावर जायचे आहे की धोट्यावर, हे कोणी विचारीत नसे. देशी प्याद्याचे नशीब तसेच होते. तरी त्याच खेळात 'प्यादेमात' मोठ्या मानाची समजत. वजिराने राजाला मारले तर त्यात नवल ते काय. प्याद्याने मारले की पाहणारे वाहवा करीत.

पटावरून प्रत्यक्ष फौजेत यावे. शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. दोघेही घोड्यावर, दोघेही तलवार चालविणारे. भेद एवढाच की बारगिराचा घोडा सरकारी पागेतला आणि शिलेदाराचा स्वतःचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. शिलेदाराला स्वातंत्र्य अधिक, तोराही अधिक. पण लढाईत घोडा पडला तर बारगिराचे नुकसान सरकारचे आणि शिलेदाराचे त्याच्या घरचे. आमच्या मते ह्या दोन शब्दांत कामगार-चळवळीचा अर्धा विषय आला आहे. हत्यार कोणाचे, आणि ते मोडले तर भरपाई कोणी करायची?

युरोपात पट मोठा होत गेला. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळावरून १,६१७ घरांचा युद्धखेळ रचला. पुढे राइसवित्झ पितापुत्रांनी असा खेळ प्रशियाच्या सैन्यापर्यंत नेला. मुलाचे नियम १८२४ सालचे. ह्या युद्धखेळांच्या परंपरेतूनच १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स ह्याची विमा कंपनीतील नोकरी १९७० मध्ये गेली होती, आणि तो घरी जोडे दुरुस्त करून पोट भरीत होता. त्या खेळात आरंभी तीनच वर्ग होते: लढवय्या, मांत्रिक व धर्मोपदेशक. चोर पुढच्या वर्षी आला! १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात अनेकांनी मिळून संगणकावर खेळायचा खेळ सुरू झाला. आणि २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये वर्ग नऊ झाले.

ह्यात नवे असे एक आढळते. पूर्वी मोहरे हलविणारा वेगळा आणि मोहरे वेगळे; आता प्रत्येक मोहरा स्वतः माणूस आहे. एक घाव अंगावर घेतो, दुसरा शत्रूला मारतो, तिसरा दोघांच्या जखमा भरतो. जखमा भरणारा तलवार उचलीत नाही, म्हणून त्याला कोणी बिनकामाचा म्हणत नाही. त्याने किती जणांना वाचविले त्याचा आकडा त्याच्या नावापुढे लागतो.

आमच्या बीड जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या जातात. तेथेही कामाची वाटणी असते. नवरा ऊस तोडतो. बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. कोयता मजुराचाच, म्हणजे हत्यारापुरता तो शिलेदार. पण मुकादमाची उचल अंगावर असल्याने बारगिराएवढाही मोकळा नाही. आणि वर्ग म्हणावा तर दोघांचा मिळून एकच. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि हिशेबही कोयत्यावरच होतो. एकटा असेल तो अर्धा कोयता. मोळ्या वाहणाऱ्या बाईचे नाव त्या हिशेबात कोठेच येत नाही. उचल फिटली नाही तर मात्र पुढच्या हंगामाला तिलाही यावे लागते. टोळीच्या वहीत दोन रकाने असावेत, बाईचे नाव, तिची मजुरी आणि अपघात झाल्यास तिची भरपाई निराळी लिहिली जावी, एवढीच आमची मागणी आहे. ती मांडली की बैठकीत हमखास कोणी तरी विचारतो, बाईचा कोयता निराळा कसा मोजणार? फोनवर खेळणारी त्याची पोरे तेथेच बसलेली असतात. आम्ही त्याला त्यांच्याकडे धाडतो.